कलमाखालचा बहर

आईच्या शेवटच्या आजारपणात अख्खा हिवाळा काढून ती घरी परतली, तर नवऱ्याने बॅग टेकूही न देता तिला बागेत ओढत नेलं. “बघ, तुझ्या आईचा गुलाब कसा लगडलाय! तू नसताना मी फुलवलाय, बरं का!” लग्नात आईने बांधून दिलेलं ते कलम. “खालून जंगली फुटवा आला की कापत जा, नाहीतर कलम मरेल,” असं ती माहेरून नवऱ्याला फोनवर बजावायची आणि हा “हो गं, हो गं” करायचा. तिने ठेवलेली कात्री तिथेच गंजली होती. आईची फांदी वाळून काळी पडली होती. भोवती, खालून फुटलेल्या जंगली फांद्यांवर पांढऱ्या फुलांची गर्दी. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “आईच्या गुलाबाचा रंग कुठला होता?” “हाच की! पांढरा.” इतकी वर्षं रोज सकाळी त्याच्या चहाशेजारी ती त्याच गुलाबाचं लालभडक फूल ठेवायची.