सुपारीच्या आदल्या दिवशी

“मनातल्या मनात काय वाचून राह्यली वं? मोठ्यानं वाच ना. मलेबी आयकू दे.”

वच्छलाबाई लेकीला म्हणाली. तिच्या हातात काडी होती. कणकेची बारीक वळी काडीवर गुंडाळायची, मग अलगद सरकवून सुपात सोडायची. सुपात सरगुंडे साचत चालले होते. उद्या जळगाव जामोदहून अन्नपूर्णा आत्या येणार होती, आपल्या पोरासाठी काजलची सुपारी फोडायला. आंब्याच्या रसासंगं आत्याला सरगुंडेच लागायचे.

“पोथी नाही माय ही,” काजल म्हणाली. “एका बाईनं सोताचं लिहिलं हाये. तिच्यावर काय गुदरलं ते.”

“मंग तं वाचच. येवढ्या जाड पुस्तकात नवरदेव कव्हा येते तिचा?”

काजल हसली नाही. तिनं पान उघडलं.

‘त्या संध्याकाळी मी होस्टेलच्या न्हाणीघरात बसून राहिले. पाणी थंड झालं, मग संपलं. मी उठले नाही.’

“हूं,” वच्छलाबाई म्हणाली. कहाणी ऐकायची तर हुंकार द्यायचा, नाहीतर सांगणारी पुढं जात नाही, हे तिला तिच्या आजीनं शिकवलेलं.

‘तो अनोळखी नव्हता. भावाचा मित्र होता. आमच्या घरी जेवलेला.’

“हूं. मुर्दा गाडो त्याचा.”

‘दुसऱ्या दिवशी तो जिन्यात भेटला. मी त्याच्याशी बोलले. हसलेसुद्धा. पुढं सगळे मला हेच विचारत राहिले.’

हुंकार जरा उशिरा आला.

“हासली कायले मंग?” वच्छलाबाईनं विचारलं.

काजल पानाकडं बघत राहिली. कोपऱ्यातला पंखा मान फिरवत दुसऱ्या भिंतीकडं गेला.

“तेच तं सांगून राह्यली ते,” ती म्हणाली, आणि पुढं वाचू लागली.

‘भाऊबीज होती. समदे देवळात गेले होते. मी कोठ्यात ढोरायची ढेप काढाले गेली. तो मांगून आला. तोंडावर हात ठेवला. हाताले डिझेलचा वास होता. मी मनलं, बाबाले सांगीन. तो मने, सांग. सांगशीन तरी लगन माह्यासंगच लावतीन तुहं.’

पंखा परत फिरून आला. पुस्तकाची चार-पाच पानं भुर्रकन उलटली. काजलनं ती धरली नाहीत. तिचा आवाज अडखळला नाही.

‘सांजच्याले मायनं ताटं वाढली. त्यालेबी वाढलं. मने, घे रे बाप्पा, लाजू नोको, मामाचंच घर हाये. मी त्याच्या बाजूले बसली. त्यानं काहीतरी मनलं, मी हासली. मग जेवली.’

हुंकार आला नाही.

वच्छलाबाईला अक्षर येत नव्हतं. तिनं उलटलेली पानं पाहिली. मग काजलच्या डोळ्यांकडं पाहिलं. ते पुस्तकावर नव्हतेच. हातातल्या काडीवर वळी अर्धी गुंडाळलेली, अर्धी लोंबत राहिली.

दिवाळीत ताट वाढताना आपण काय बोललो, हे कोणत्या बाईला ध्यानात राहतं? वच्छलाबाईला ते शब्द न् शब्द आठवले. वरून तूप ओतलेलंही आठवलं.

“मायले नाही सांगितलं तिनं?” तिनं हळूच विचारलं.

काजलनं पुस्तक मिटलं.

“आत्ताच सांगून राह्यली.”

ओसरीवर चपला वाजल्या. पंजाबराव फोन घेऊन दारात आले. “घे वं. अन्नपूर्णी हाये. किती मानसं येतीन, काय येतीन, तुमचं तुमी ठरवा.” त्यांनी फोन बायकोच्या हातात दिला. आवाज मोठा केलेला होता. तिकडं बायकांची गलबल चाललेली.

“वयनी! पोरगं तं आजच गाडी धुऊन बसलं पाय!” आत्या खिदळली. “मी मनलं, येवढी घाई काऊन रे बाप्पा? मामाची पोरगी पळून चालली का? हॅलो? वयनी? काऊन बोलत नाही वं? ऐकू येऊन राह्यलं का?”

वच्छलाबाई फोनकडं बघत नव्हती. समोर काजल बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन, लहानपणी ताप आल्यावर बसायची तशी.

“येऊन राह्यलं,” ती काजलला म्हणाली.

तिनं फोन परातीतल्या पिठात पालथा ठेवला. पंजाबराव दारातच उभे. पिठातून आत्याचं हसणं येत राहिलं, दबल्या आवाजात, बराच वेळ.