सुईची भीती

ओक्लाहोमातल्या त्या छोट्या कॉलेजात, जीवशास्त्राच्या हुशार मुलांच्या मानाच्या मंडळात ग्रेडीला आज घेतलं. मेणबत्ती हातात धरून शपथ झाली, जाड वहीत सही झाली. मग मंडळाची अध्यक्ष टेसा हिने दरवर्षीची गंमत मांडली, आलेल्या आईवडिलांचे रक्तगट तपासायची.

"काकू, तुमचा ओ! आणि ग्रेडीचा गट मात्र बी. म्हणजे स्वारी वडिलांवर गेलीय. काका, या, आता तुमचा नंबर!"

ग्रेडीच्या आईने, लोरेटाने, टोचलेल्या बोटावरचा कापूस घट्ट दाबला. मागच्या फळ्यावर ठळक लिहिलं होतं, 'आईवडील दोघंही ओ, तर मूलही ओच.' आणि नवऱ्याचा, व्हर्ननचा, गट ओ आहे हे तिने त्याच्या दवाखान्याच्या कागदावर कधीच वाचलं होतं. एकवीस वर्षं ती याच क्षणाला भीत आली होती.

व्हर्ननने फळा वाचला. मग बायकोच्या पांढऱ्याफटक चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुढे केलेलं बोट मागे घेतलं.

"नको गं बाई. सुई बघितली की मला भोवळ येते."

"अहो काका, एवढे सहा फुटी गडी, आणि सुईला घाबरता?" पोरं खो-खो हसली.

ग्रेडी मात्र हसला नाही. त्याने टेसाच्या हातातली सुई काढून घेतली आणि शांतपणे डबीचं झाकण लावलं. "राहू दे, टेसा. बाबांना पहिल्यापासूनच सुईची फार भीती वाटते."



गेली नऊ वर्षं, रोज सकाळी न्याहारीआधी, व्हर्ननला इन्सुलिनची सुई ग्रेडीच टोचत होता, आणि व्हर्ननची पापणीही कधी लवली नव्हती.