सतरा नंबरचा जॉइंट

साहेबांनी तुकडा उंच धरला आणि शेडभर टाळ्या पडल्या. वीतभर लोखंड, मधोमध वेल्डिंगचा जॉइंट, मागे लाकडाची फळी. भंगारात निघालेल्या जुन्या टाकीतून मुद्दाम कापून घेतलेला. कडा घासूनपुसून आरशासारख्या केलेल्या, जॉइंट मात्र होता तसा ठेवलेला. शेजारी लोखंडी पंचने ठोकलेला वेल्डरचा नंबर: सतरा.

"सतरा नंबर म्हणजे आपले फोरमन," साहेब माइकवर म्हणाले. "एकतीस वर्षं नोकरी. आज शेवटचा दिवस. एक्स-रेत एक जॉइंट नापास नाही. असा हात पुन्हा होणे नाही!"

फोरमन खुर्चीत ताठ बसला होता. मांडीवर फुलांचा गुच्छ, डोळ्यांत पाणी. पाणी खरं होतं. हे सगळं आपलंच आहे असं त्याला मनापासून वाटत होतं.

तुकडा हातोहात फिरत मागच्या बाकापर्यंत आला. तिथे फोरमनची बायको बसली होती, अंगात कामाचा जाड कोट, कारण तीही याच शेडमध्ये वेल्डर. नंबर अडतीस. तेवीस वर्षं झाली, अजून वेल्डरच. शेजारी ग्राइंडरवाली. सगळ्यांचे जॉइंट घासून घासून तिला प्रत्येकाचा हात तोंडपाठ झालेला. तिने तुकडा एकदा पाहिला, मग डोळ्यांजवळ नेऊन पाहिला.

"ताई, जॉइंटवरचे खवले डावीकडे पळतायत."

"पळू देत."

"शेडमध्ये डावखुरं कोण आहे तुमच्याशिवाय? हा तुमचा हात. मग नंबर सतरा कसा?"

"गप बस. पुढे आवाज जातो."

सतरा कसा? असा. त्याची कंबर धरली होती आणि फोरमन व्हायला जॉइंट कमी पडत होते. घरात एक फोरमन झाला म्हणजे पुरे, असं दोघांनी ठरवलं. दोघांनी म्हणजे त्याने ठरवलं आणि तिने मान डोलावली. मग जॉइंट तिने मारायचा आणि शेजारी नंबर त्याचा ठोकायचा. आपलंच तर आहे, म्हणत सहा वर्षं ठोकला.

आता त्याची जागा रिकामी होत होती. तिने अर्ज केला होता. साहेबांनी रजिस्टर उघडून दाखवलं, अगदी मऊ आवाजात. "बाई, काम चांगलं आहे तुमचं. पण अडतीसवर जॉइंटच किती कमी! मधली सहा वर्षं तर कोरीच. मुलं लहान असतील, समजू शकतो मी." समजूतदार माणूस. नव्या फोरमनचं नाव उद्या लागणार होतं.

सकाळी बुटाची नाडी बांधताना नवरा म्हणाला होता, "आज माइकवरच सांगून टाकतो सगळ्यांना. माझं आता काय जातंय?"

फोरमन उठला. माइकवर टकटक केलं. साहेबांचे आभार मानले, युनियनचे मानले. पहिल्याच दिवशी मिशी कशी जळाली ते सांगितलं, लोक पोट धरून हसले. मग त्याने मागच्या बाकाकडे पाहिलं. ती बाकावर पुढे सरकली.

"आणि माझी बायको," तो म्हणाला. "हिने घर सांभाळलं, म्हणून मी इथवर आलो."

सगळ्यात जास्त टाळ्या याला पडल्या. टाळ्यांना काय, त्यांना अक्कल नसते.

"वा! आता बाईंनीपण दोन शब्द बोलायचे," साहेब म्हणाले. "लाजायचं नाही हं."

माइक मागे आला. ग्राइंडरवालीने तिला कोपराने ढोसलं. "बोला ताई. आत्ता नाही तर कधीच नाही. हात कोणाचा ते मी सांगते, उभी राहून सांगते."

ती उठली. दीडशे माना वळल्या. सगळ्यांत पुढे तो, डोळे अजून ओले, बक्षीस मिळालेल्या शाळकरी पोरासारखा चेहरा. बोलायचं तर एकच वाक्य होतं. ती सहा वर्षं माझी आहेत, एवढंच. सकाळपासून तिने ते दहादा घोळवलं होतं, भाकरी गिळताना, हेल्मेटच्या आत, नळावर हात धुताना.

"सगळ्यांचे आभार," ती म्हणाली. "यांना सांभाळून घेतलंत."

आणि खाली बसली.

 ग्राइंडरवालीने तुकडा पुढच्या रांगेत देऊन टाकला आणि हात कोटाला पुसले.

चहा झाला, फोटो झाले. तिच्या शिफ्टचे दोन तास उरले होते. ती त्याला गेटपर्यंत सोडायला आली.

"चिडलीस?"

"नाही हो."

"अगं, शेवटच्या दिवशी कसं सांगणार? लोक काय म्हणाले असते? एकतीस वर्षांची माती झाली असती." तो घुटमळला, मग त्याला काहीतरी सापडलं. "आणि माइक तुझ्याही हातात होताच की. बोलायचंस. मी अडवलं होतं का?"

तिने खरंच आठवून पाहिलं. आजचं, आणि आजच्या मागचं सगळं.

"नाही," ती म्हणाली. "मला कोणीच कधी अडवलं नाही."

"तेच म्हणतोय मी!" त्याच्या जिवात जीव आला. गुच्छ सावरत तो हलक्या पावलांनी गेटबाहेर पडला, आणि ती उरलेल्या दोन तासांसाठी आत वळली.