गिअरबॉक्स थंड असेपर्यंत

चार लिंबं. डाव्या पायातला आधाराचा कॅलिपर. पसरणीचा घाट. अकरा मिनिटं.

अकरा मिनिटांत गिऱ्हाइकाला वाईच्या सपाट रस्त्यावरून फिरवून परत आणायचं, असं जुन्या गाड्या विकणाऱ्या फडतरेंनी ठरवलेलं होतं. विकायला काढलेल्या ऑटोमॅटिक गाडीचा, पट्ट्यावर चालणारा सीव्हीटी गिअरबॉक्स थंड असेपर्यंत गुणी होता. तापला की पट्टा घसरायचा, चढावर इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी मागे सरकायची.

"क्लच नाही, म्हणजे माझ्या पायाचं भांडणच मिटलं," फेरी मारून आलेल्या बाई म्हणाल्या. चाकांखाली लिंबं त्यांनी स्वतःच ठेवली. "सोमवारपासून रोज पाचगणीच्या शाळेत. वर्गातल्या तिघी मुलीही येतील बरोबर."

फडतरेंनी पुढे केलेली किल्ली मागे घेतली. "बाई, हिला पसरणीच्या घाटात नेऊ नका."

"का? मला जमणार नाही वाटतं?"

"तुम्हाला जमेल हो. हिलाच जमत नाही. तापली की चढावर दम सोडते."

"आणि हे आत्ता सांगताय? लिंबं ठेवून झाल्यावर?"

कॅलिपरचा पाय लांब करून बाई जमिनीवर बसल्या आणि एकेक लिंबू काढू लागल्या. "म्हणजे पुन्हा एसटीच्या पायऱ्या," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

अशीच दुसरी गाडी फडतरेंनी दिवाळीत, यातलं काही न सांगता, घाटावरच्या महाबळेश्वरच्या एका कुटुंबाला विकली होती.