कारखान्याची श्रद्धांजली

जेवता जेवता कमलाकरला फोनवर स्वतःचाच फोटो दिसला. त्याच्या रसायन कारखान्याने शोकसंदेश टाकला होता आणि खाली चारशे जणांनी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिलं होतं. त्याने जनसंपर्क विभागाला फोन लावला.

“मॅडम, मी जिवंत आहे!”

“अजून आहात,” धामणकर मॅडम हळूच म्हणाल्या. “अपघातानंतर उशिरा पोस्ट टाकली की लोक शिव्या घालतात. म्हणून हल्ली सॉफ्टवेअर आधीच टाकतं. ते कधी चुकलेलं नाही. माझं नाव सांगू नका, पण आज पाळीवर येऊ नका.”

कमलाकरने कारखान्यातल्या मित्राला, शिवरामला, आपल्या जागी पाळीवर जायला सांगितलं. शिवराम लगेच निघाला.

“काढली का हो ती पोस्ट?” थोड्या वेळाने बायकोने विचारलं.

पोस्ट तशीच होती. श्रद्धांजल्याही त्याच होत्या. फोटो तेवढा शिवरामचा होता.