चढलेला वेढा

खिडक्यांना गोणपाट लावून अंधार झाला, तशी मोटारींत नवी तार भरून देणाऱ्या वाइंडरची बायको दुकानात आली. त्यांची लेक ठेंगी गेल्याला सात महिने झाले होते. तेवढ्या दिवसांत तिनं इथं पाऊल टाकलं नव्हतं. नवऱ्याचा चहासुद्धा घराच्या मधल्या दारातून पुढे सरकवायची. आज आली, आणि जळक्या मोटारींच्या ढिगाशेजारच्या खुर्चीत परक्याच्या घरी बसावं तशी अंग चोरून बसली.

मधोमध लेकीची कॉइल उभी होती. पाच फुटी पाइप, त्यावर खालपासून वरपर्यंत बारीक तांब्याच्या तारेचे एकाला एक लागून वेढे, डोक्यावर पत्र्याचं जाडजूड कडं. म्हटलं तर खेळणं. बंद खोलीत आपल्या हातानं वीज पाडायची, बाकी उपयोग शून्य. "घरात माझ्यापेक्षा चार बोटं उंच आणि तरी काही कामाची नाही अशी ही एकच वस्तू," असं ठेंगी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

खाली तिची कॉलेजातली मैत्रीण ट्रान्झिस्टरच्या पेटीवर वाकली होती. हा उद्योग दोघींनी मिळून मांडला होता. आजवर तीनदा ट्रान्झिस्टर फुटले होते.

"काकू, आता फुटले तर पुन्हा जमायचं नाही माझ्याच्यानं," तिनं आधीच सांगून टाकलं.

"फुटू देत. तू कर," काकू म्हणाली. मग जरा थांबून, "तिच्या हातचं काहीतरी एकदा चाललेलं बघू दे मला. बाकी काही नको."

वाइंडरनं अर्थिंगची तार उगाचच पुन्हा ओढून बघितली. ट्रान्झिस्टरमधलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पण पाइपावरच्या तारेची त्याला काळजी नव्हती. तीस वर्षं मोटारी भरणाऱ्याचा तो हातचा मळ.

मैत्रिणीनं सगळ्यांना भिंतीशी उभं केलं आणि बटण दाबलं. आधी नुसती गुणगुण आली. मग नवं कापड फाटावं तसा आवाज झाला आणि कड्यातून जांभळ्या फांद्या बाहेर पडल्या, हातभर, मग चार फूट. कोपऱ्यात टेकवून ठेवलेली एक ट्यूब, जिला कुठलीच तार जोडलेली नव्हती, आपोआप उजळली. मैत्रीण हसत होती आणि हसता हसता रडत होती. वाइंडर बायकोच्या तोंडाकडे बघत होता. सात महिन्यांत पहिल्यांदा त्या तोंडावर काहीतरी हललं होतं.

बटण बंद झालं. पेटीत साठलेली वीज उतरावी म्हणून मैत्रिणीनं एक बल्ब जोडला. तो मिणमिणत विझला. "आता हात लावला तरी चालेल," ती म्हणाली.

बायको भिंतीपासून निघाली आणि सरळ कॉइलपाशी गेली. कमरेच्या उंचीवर तिनं बोट टेकवलं, खाली नेलं, वर नेलं.

"इथंच होता ना गं?"

"काय, काकू?"

"चढलेला वेढा. ती तार भरत होती आणि मी जेवायला हाक मारली. तिनं मान वळवली नि एक वेढा दुसऱ्यावर चढला. केवढी ओरडली माझ्यावर. मग म्हणाली, राहू दे, वरून वार्निश मारते. हा वेढा तुझा." ती नखानं चाचपत पाइपाभोवती फिरली. "दिसेना झालाय. उजेड करा बघू."

वाइंडरनं गोणपाट काढलं. उजेडात सगळी तार एकसारखी चमकली.

तो वेढा त्यानंही पाहिला होता. लेक गेल्यावर आठवड्यानं, पाइपासमोर नुसताच बसलेला असताना. तो त्याच्या डोळ्यात कुसळासारखा सलत राहिला. पोरीसाठी करण्यासारखं दुसरं काय उरलं होतं? एका दुपारी त्यानं सगळी तार उतरवली आणि अकरा दिवस खपून नवी भरली. इतकं जीव ओतून त्यानं आयुष्यात काही भरलं नव्हतं. कुणीतरी बघावं, बरं म्हणावं, असं त्याला आज सकाळपासून वाटत होतं.

"मी काढला," तो म्हणाला. "तिथं वीज फुटली असती. म्हणून सगळंच उतरवलं. हे नवं आहे."

बायकोचं बोट जागच्या जागी थांबलं.

"आणि तिची तार?"

मैत्रीण खाली बघून पेटीचे स्क्रू आवळू लागली. ते आधीच आवळलेले होते.

उतरवलेली तार गोणीत टाकायची आणि गोणी भरली की भंगारवाल्याला द्यायची, ही दुकानाची रीत. त्या दुपारी त्यानं विचार केलाच नव्हता. हातानं रोजच्यासारखं केलं होतं.

"गोणीत टाकली," तो म्हणाला.

"गोणी कुठंय?"

त्यानं मान हलवली. भंगारात गेलेली ती तार एव्हाना कुठल्यातरी भट्टीत वितळून दुसऱ्याच कशाची तरी तार झाली असेल, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार.

"काका, पुन्हा एकदा लावू का?" मैत्रिणीनं हळूच विचारलं.

बायकोनं पूर्ण तळवा कॉइलवर ठेवला आणि वरच्या कड्यापासून खाली तळापर्यंत सावकाश फिरवला. तो कुठंच अडला नाही.

"किती गुळगुळीत झालंय हो," ती म्हणाली. "कुणाचा हातच लागला नसल्यासारखं."