बाहेरच्या कुणी तपासलंय?

पहिली काठी कॉम्प्युटरवर बसली, दुसरी श्रीनाथच्या खांद्यावर.

"बोल, कुणी काढाय लावला लेख? तूच ना?" उत्तरेश्वर गरजला. लोहाऱ्यात तहसीलसमोर श्रीनाथचं ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान. आलेली माणसं चपला तिथंच टाकून रस्त्यावर पळाली.

भांडण कशाचं, तर लेखाचं! उत्तरेश्वरचा धाकटा भाऊ कृष्णराज धाराशिवला असतो. त्यानं एक सॉफ्टवेअर केलं. भिंतीचा फोटो दाखवायचा, भूकंपाच्या धक्क्यात ती टिकेल का ते सांगणार. कुणीही फुकट वापरावं, उघडून दुरुस्त करावं. मोठ्या भावाची छाती फुगणार नाही तर काय! त्यानं याच दुकानात बसून इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात लेख टाकला. 'मराठवाड्याच्या वाघाचं सॉफ्टवेअर. कधीच चुकत नाही.' चार दिवसांत कुणीतरी टोपणनावानं खाली लिहिलं, 'नवं आहे. बाहेरच्या कुणी तपासलेलं नाही. लेख काढावा.'

झालं! सरपंचकीला मतं गोळा करावीत तशी उत्तरेश्वरनं गावातली पोरं गोळा केली, भजी चारली आणि एकेकाकडून 'लेख ठेवा' लिहून घेतलं. ज्ञानकोशवाल्यांचं उत्तर आलं, 'इथं मतं मोजत नाहीत, पुरावा बघतात.' आज तर लेखच गायब. भावाचं नाव पुसलं! 'उत्तरेश्वरभाऊ, हे टिकायचं न्हाय,' असं श्रीनाथ पहिल्याच दिवशी बोलला होता. म्हणजे चोर तोच.

उत्तरेश्वरनं श्रीनाथची गचांडी धरली, त्याला भिंतीवर आपटलं. कपाळ फुटून रक्त डोळ्यात उतरलं. तिसरी काठी मात्र मध्ये घुसलेल्या एका हातावर बसली आणि हाड मोडल्याचा आवाज झाला.

हात कृष्णराजचा होता. लेखाचं खरं सांगायला केलेला फोन भाऊ उचलेना म्हणून तो जीपनं धावत आला होता.

"दादा, त्याला मारू नको. लेख काढा म्हणून मीच लिहिलं."

"तू? आरं, माझ्या तोंडाला काळं फासलंस की!"

"आपण फक्त सिमेंटच्या भिंतीवर तपासलंय, दादा. दगड-मातीची भिंत त्याला कळतच न्हाय. परवा पडायला आलेली भिंत त्यानं 'मजबूत' सांगितली. अन् तू जगाला सांगितलंस, कधीच चुकत न्हाय."

उत्तरेश्वरच्या हातातली काठी गळाली. महिनाभर जमिनीतून गुरगुर येत होती, गाव अंगणात झोपत होतं. कालच त्यानं आपल्या दगड-मातीच्या घराचे फोटो सॉफ्टवेअरला दाखवले होते, 'मजबूत' असं उत्तर आल्यावर बायकोला दरडावून तापानं फणफणलेल्या लेकासकट सगळी अंथरुणं आत नेली होती.

त्यानं घरी फोन लावला. दुकानाबाहेर गर्दी जमली होती. तिच्यादेखत तो बेंबीच्या देठापासून ओरडला, "सोनाली, पोराला उचल अन् भाईर पळ! माझ्या भावाचं यंत्र चुकतंय गं, चुकतंय!"